वहीत येतंय, हातात येत नाही

या वेळचं पत्र एका तरुण ट्यूटरचं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"आदरणीय बाई, मी खानापूर तालुक्यातली. एम.एस्सी. नर्सिंग करून बेळगावातल्या एका नर्सिंग कॉलेजात ट्यूटर म्हणून लागून दोन वर्षं झाली. या वर्षी प्रत्येक ट्यूटरनं एक तरी पेपर काढायचा, असं प्रिन्सिपल मॅडमनी सांगितलंय. मला सुचवलेला विषय म्हणजे सलाईन लावण्याबद्दल बी.एस्सी.च्या मुलींना एक तासाचा एसटीपी, म्हणजे आखून दिलेला शिकवणीचा कार्यक्रम. आधी प्री-टेस्ट, संपल्यावर लगेच पोस्ट-टेस्ट, साठ मुली, आठवड्यात काम पुरं. पण वॉर्डात मी रोज वेगळंच बघते. पेपरात पैकीच्या पैकी घेणारी मुलगी रुग्णाजवळ थेंब मोजताना गडबडते. एक जण मला म्हणाली, 'मॅडम, वहीत येतंय, हातात येत नाही.' दुसरी गोष्ट, मी दाखवीन तिथं मुली सही करतात, कारण त्यांचे इंटर्नल मार्क माझ्या हातात आहेत. माझ्याच मुलींवर मी अभ्यास करणं बरोबर आहे का? की सांगितलंय तेवढं करून मोकळी होऊ?"

प्रिय लेकी,

उत्तर आधी देते, कारणं मागून. अभ्यास कर. तुझ्याच मुलींचा कर आणि सलाईनवरच कर. फक्त पोस्ट-टेस्ट त्याच दुपारी बाकावर बसवून घेऊ नकोस. सहा आठवड्यांनी वॉर्डात, खाटेशेजारी घे. आणि संमतीच्या सह्या घ्यायला तू स्वतः जाऊ नकोस.

एक तास शिकवून लगेच पेपर दिला तर मार्क वाढणारच. घरी वडिलांना बसवून थेंबांचं सूत्र सांग आणि पाच मिनिटांनी विचार, तेही बरोबर सांगतील. आपल्या नर्सिंग कॉलेजांच्या लायब्ररीत अशा प्रबंधांची कपाटं भरली आहेत. अमुक विषयावरच्या एसटीपीची परिणामकारकता, 'सिलेक्टेड' कॉलेजातल्या मुली, प्री-टेस्टला कमी, पोस्ट-टेस्टला जास्त, निष्कर्ष 'प्रभावी'. त्यातल्या कितीतरी प्रबंधांची मी गाइड होते. मुलींनी मनापासून कष्ट केलेले असायचे, आकडेमोड बिनचूक असायची. महिन्याभरानं शिकलेल्यातलं काय उरलं, हे मात्र कुठल्याच पानावर नसायचं, आणि ते विचारायला हवं होतं हे मला फार उशिरा कळलं.

काय उरतं हे ज्यांनी तपासलं, त्यांना काय दिसलं ते सांगते. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकेतल्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. मग काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्यानं घेतली तर चित्र उलटं. आठवून लिहिणाऱ्यांच्या ५६ टक्के लक्षात होतं, पुन्हा वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के. ते दोघे पाच मिनिटांवरच थांबले असते, तर जगाला नेमकं चुकीचं सांगून बसले असते. तुझी पोस्ट-टेस्ट त्या पाच मिनिटांवरच घ्यायची ठरली आहे.

माझी एक चूक सांगते, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची. हात धुण्यावर मी मुलींचा तास घेतला. पोस्ट-टेस्टला जवळजवळ सगळ्यांना पूर्ण मार्क, मला शाबासकी. दोन महिन्यांनी त्याच मुली घेऊन वॉर्डात गेले, तर सगळ्यांत जास्त मार्क घेतलेली मुलगी एका रुग्णाचं ड्रेसिंग उरकून तशीच दुसऱ्याच्या ड्रेसिंगला गेली. मी तिला सगळ्यांसमोर फाडफाड बोलले. ती रडली आणि मग हळूच म्हणाली, "बाई, नळ त्या टोकाला आहे. जाऊन येईपर्यंत सिस्टर ओरडतात." मी जाऊन बघितलं. अख्ख्या वॉर्डाला एक नळ, आणि त्याचं पाणी सकाळी दहालाच गेलेलं. जे मी तिच्या डोक्यात भरत होते ते तिच्याकडे आधीपासूनच होतं. नळाकडे मात्र दोन महिन्यांत मी एकदाही गेले नव्हते. तिची माफी मी तिथंच मागितली. आजही ते आठवलं की जीव खालवर होतो.

म्हणून तुला सांगते, शिकवायच्या आधी दोन आठवडे नुसतं बघ. मुलगी थेंब मोजायला उभी राहते तेव्हा तिच्या नजरेसमोर सेकंद काट्याचं घड्याळ आहे का? मोबाईल वॉर्डात आणू देत नाहीत आणि मनगटावरच्या घड्याळाला सेकंद काटाच नाही, तर ती मोजणार कशी? एकीच्या वाट्याला एका वेळी किती बाटल्या येतात? सलाईनची गती कमी-जास्त करायची चकती ढिली असते का? हे सगळं वहीत टिपून ठेव. यातल्या काही गोष्टी शिकवून सुटणाऱ्या नाहीत, त्या मॅट्रनकडे जाऊन मागाव्या लागतील. लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली युरोपातल्या नऊ देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका नर्समागे एक रुग्ण वाढला, की ऑपरेशन झालेला रुग्ण महिन्याभरात दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढत होती. आणि पदवीधर नर्सचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तिथं ती ७ टक्क्यांनी कमी होती. शिक्षणानं फरक पडतो, हाताखाली खाटा किती आहेत यानंही पडतो.

आता सलाईनकडे येते. जॉर्ज मिलर यांनी १९९० साली वैद्यकीय शिक्षण तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवता येतं, आणि रोजच्या कामात खरोखर केलं जातं. तुझ्या मुलीचं 'वहीत येतंय' दुसऱ्या पायरीवर आहे. 'हातात येत नाही' हे तिसऱ्या-चौथ्या पायरीचं दुखणं. एक उदाहरण घे. ५०० मिली चार तासांत द्यायचंय, सेट, म्हणजे सलाईनची नळी, २० थेंबांना एक मिलीचा. ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. पण वहीत १५ च्या सेटची गणितं घोटून घोटून केलेली असतील, तर तिच्या तोंडात बसलेलं उत्तर ३१ असतं. हातात सेट २० चा, थेंब लावले ३१. चार तासांची बाटली मग साधारण पाच तास वीस मिनिटं चालते. गणित चुकलेलंच नाही, तरी रुग्णाला सलाईन चुकीच्या गतीनं गेलं. सेट कितीचा आहे हे पाकिटावर छापलेलं असतं, आणि मुलगी थेंब मोजायला येईपर्यंत पाकीट डब्यात गेलेलं असतं. कागदावरच्या परीक्षेत 'सेट १५ चा आहे' हे प्रश्नातच दिलेलं असतं ना, मग पाकीट बघायची सवय लागली की नाही हे त्यातून कळणार कसं?

नजरेच्या अंदाजावर विसंबू नकोस, मोजायला शीक, हे तर आपल्या बेळगावनंच जगाला दाखवलंय. इथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या आणि परदेशातल्या संशोधकांनी बाळंतपणानंतरचा रक्तस्राव मोजण्यासाठी बाईच्या खाली खुणांची प्लास्टिकची पिशवी लावली. २००६ साली त्यांनी छापलं, की नजरेनं केलेला अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा ३३ टक्के कमी भरतो. त्याच वर्षी त्यांचा दुसरा अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १६२० बाळंतिणी, आणि त्यांना रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या किंवा दिसायला तशाच बिनऔषधी गोळ्या देणाऱ्या आपल्या एएनएम सिस्टर, म्हणजे गावोगावच्या आरोग्यसेविका. जास्त रक्तस्रावाचं प्रमाण बिनऔषधी गोळ्यांच्या गटात १२ टक्के, तर मिसोप्रोस्टॉलच्या गटात ६.४ टक्के आलं. पिशवीनं मोजलं म्हणून हा आकडा जगानं मानला. एएनएमच्या हातून एवढं मोठं काम होतं, हे इथल्या प्रत्येक नर्सिंगच्या मुलीला पहिल्या वर्षीच सांगायला हवं असं मला वाटतं.

प्रशिक्षणाबद्दलही इथलाच एक अभ्यास तू वाचायला हवास. जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात श्वास कसा द्यायचा, याचं 'हेल्पिंग बेबीज ब्रीद' प्रशिक्षण याच कॉलेजच्या मंडळींनी कर्नाटकातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या आणि रुग्णालयांतल्या ५९९ जणांना दिलं. निकाल २०१३ मध्ये छापला. पोस्ट-टेस्टच्या मार्कांवर न थांबता त्यांनी जन्म मोजले, आधीचे ४१८७ आणि नंतरचे ५४११. बाळ पोटात नुकतंच गेलेलं असणाऱ्या मृत जन्मांचं प्रमाण १.७ टक्क्यांवरून ०.९ टक्क्यांवर आलं. आणि जन्मलेल्या बाळांचे मृत्यू? आधी १.८ टक्के, नंतर १.९ टक्के. बदल नाही. तेही त्यांनी तसंच छापलं. तुझ्या पेपरात जे हललं नाही त्याचा आकडाही असाच येऊ दे.

तुझ्या मुलीचं दुखणं मात्र सगळ्यांत स्पष्ट दिसतं ते टांझानियातल्या हायडोमच्या रुग्णालयात. तिथंही हेच प्रशिक्षण एक दिवसाचं दिलं. सात महिन्यांनी सरावाच्या बाहुलीवर सगळ्यांचे हात छान चालत होते. प्रसूतिगृहात खऱ्या बाळांबाबत मात्र काहीच बदललं नव्हतं. मग त्यांनी बाहुली प्रसूतिगृहातच आणून ठेवली आणि काही मिनिटांचा सराव वारंवार सुरू केला. पहिल्या २४ तासांतले बाळांचे मृत्यू हजारी ११.१ वरून ७.२ वर आले. ही माणसं कामावरची होती, विद्यार्थिनी नव्हत्या, आणि बाळाचा श्वास म्हणजे सलाईनचे थेंब नव्हेत. तरीही एक तासाच्या एसटीपीपेक्षा मी तुला दहा-दहा मिनिटांचा सराव का सुचवते आहे, ते यातून तुला समजेल.

तो असा कर. डेमो रूमच्या खिडकीच्या गजाला पाण्यानं भरलेली बाटली टांग, खाली बादली ठेव. १५ चा, २० चा आणि ६० थेंबांचा मायक्रो, असे तीन सेट पाकिटासकट ठेव. आठवड्यातून दोनदा, वॉर्डात जायच्या आधी, दहा मिनिटं. एक मुलगी पाकीट वाचून गणित करून थेंब लावते, दुसरी घड्याळ धरून तपासते, मग दोघी बोलतात: काय चुकलं, का चुकलं. हे बोलणं गाळू नकोस. अमेरिकेत नर्सिंगच्या मुलींची वॉर्डातली निम्म्यापर्यंतची वेळ सिम्युलेशनला, म्हणजे पुतळ्यांवरच्या सरावाला दिली तरी शेवटी त्या मागे पडल्या नाहीत, असा मोठा अभ्यास २०१४ साली आला. पण तिथं शिकवणाऱ्यांची वेगळी तयारी करून घेतली होती आणि प्रत्येक सरावानंतर नीट बसून चर्चा व्हायची. आपल्याकडे पुतळे आले, चर्चा मात्र राहून गेली.

पोस्टिंगसाठी मुलींचे गट पाडलेले असतातच. कोणत्या गटानं आधी सराव करायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरव. पहिला गट सहा आठवडे सराव करेल, दुसरा नेहमीसारखा शिकेल. सहा आठवड्यांनी दोघांना वॉर्डात बघ, आणि मग दुसऱ्या गटाला तोच सराव दे, म्हणजे कुणी वंचित राहत नाही. एक अडचण राहील. मुली एकाच हॉस्टेलवर, रात्री मेसमध्ये भाकरी मोडता मोडता सगळं एकमेकींना सांगतात. त्यामुळं दोन गटांतला फरक आहे त्यापेक्षा कमी दिसेल. त्यांना बोलू नका म्हणू नकोस, शिकलेलं मैत्रिणीला सांगणं ही चांगलीच गोष्ट आहे. पेपरात तेवढं लिहून टाक. वॉर्डात बघायचं काम कोणती मुलगी कुठल्या गटातली हे माहीत नसलेल्या सिस्टरला दे. तुझी नजर नकळत तुझ्या सरावाच्या बाजूनं झुकेल. काय काय बघायचं याची चेकलिस्ट कर, आणि पहिल्या दहा मुली दोघी सिस्टरनी एकाच वेळी, वेगवेगळ्या कागदांवर तपासाव्यात. दोघींचे कागद जुळत नसतील तर चेकलिस्टच बदल.

चेकलिस्टमध्ये एक कलम आपल्या सीमाभागाचं घाल: रुग्णाला त्याच्या भाषेत विचारलं का. तुझ्या वर्गात खानापूरच्या मराठी शाळेतून आलेली मुलगी आहे तशी गोकाक-अथणीची कन्नड शाळेतली मुलगीही असेल. सलाईन चालू असलेली अज्जी म्हणते, "तली तिरगाकत्तैत्री", आणि खानापूरची मुलगी हसून मान हलवून पुढे जाते. अज्जीला चक्कर येतेय हे तिला कळलेलंच नसतं. उलटही होतं. आपल्याकडचा आजोबा म्हणतो, "जीव कासावीस होतोय," आणि अथणीच्या मुलीला त्यातली घाई समजत नाही. थेंब बरोबर असले तरी पुढचं दुखणं अशानं हातून सुटतं. सरावात एक मराठी, एक कन्नड अशी जोडी लाव. "ऊटा आतेन्री?" एवढ्यानं सुरुवात होते, महिन्याभरात दोघी एकमेकींच्या गावच्या आजीशी बोलायला लागतात. कागदावरच्या प्रश्नांचंही तसंच. पदवीची परीक्षा इंग्रजीत असली तरी तुला इंग्रजी मोजायचं नाहीये, सलाईन मोजायचंय. प्रश्न तिन्ही भाषांत दे. भाषांतर एकीनं करावं आणि मूळ न बघता दुसरीनं ते परत इंग्रजीत आणून जुळवून बघावं.

आता तुझा दुसरा प्रश्न. तो तुला पडला, याचा मला फार आनंद झाला. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, वरच्यांच्या हाताखाली असल्यामुळं नाही म्हणणं ज्यांना जड जातं, अशांमध्ये विद्यार्थीही धरले आहेत. तेव्हा एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनात कुणावर अन्याय होत नाही ना हे बघणाऱ्या समितीची, परवानगी कामाला हात लावण्याआधी घे, मागून नको. मुलींना माहिती सांगून सह्या घ्यायचं काम त्यांना मार्क न देणाऱ्या, शक्यतो दुसऱ्या विभागातल्या कुणीतरी करावं, आणि तू त्या वेळी खोलीत नसावंस. सराव सगळ्या मुली करतील, तो शिक्षणाचाच भाग आहे. नोंदी अभ्यासात वापरू द्यायच्या की नाही, एवढंच त्यांनी ठरवायचं. नावांऐवजी आकडे, आणि आकड्यांची यादी तुझ्याकडे नको. इंटर्नलचे मार्क लागेपर्यंत कोण हो म्हणालं, कोण नाही, हे तुला कळूच नये. साठातल्या आठ-दहा जणी नाही म्हणाल्या तर वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या कॉलेजात नाही म्हणायला जागा आहे, एवढंच त्यातून दिसेल.

रुग्णालाही विसरू नकोस. बघणाऱ्या सिस्टरला थेंब चुकलेले दिसले, की तिनं त्याच क्षणी मध्ये पडून दुरुस्त करायचं. अभ्यासाची नोंद बिघडली तर बिघडू दे. हे आधी लिहून, कमिटीला दाखवून, सिस्टरला दोनदा समजावून ठेव. ऐन वेळी 'आता सांगू का नोंद झाल्यावर' असा विचार कुणाच्या मनात यायला नको. आणि ज्यांच्या खाटेजवळ उभं राहून बघायचं, त्या रुग्णांना काय चाललंय ते सांगायचं.

प्रिन्सिपल मॅडमशी भांडायला जाऊ नकोस. त्यांच्यावरही वरून दडपण असतं, मी त्या खुर्चीजवळ बसलेली आहे. जाऊन सांग, "मॅडम, विषय तोच आहे, मुलीही त्याच. पोस्ट-टेस्ट फक्त सहा आठवड्यांनी आणि वॉर्डात घेते. पेपर दोन-तीन महिने उशिरा येईल, पण चांगल्या जर्नलमध्ये पाठवता येईल." सोबत इथल्या त्या बाळांच्या अभ्यासाची प्रत ने. आपल्याच गावातलं काम समोर दिसलं की माणूस ऐकतो. तरीही मॅडम एसटीपीवरच अडून राहिल्या, तर एसटीपी घे, त्यांची पोस्ट-टेस्टही घे, आणि सहा आठवड्यांनंतरची वॉर्डातली नोंद स्वतःच्या कष्टानं त्याला जोड. कमिटीच्या अर्जात ती पहिल्यापासून असू दे म्हणजे झालं.

पहिल्या दोन आठवड्यांची वही भरली की मला पाठव, मी बघून देते. आणि सोमवारी वॉर्डात गेलीस की सगळ्यांत आधी मावशींना सांगून ठेव, सलाईन सेटची रिकामी पाकिटं लगेच डब्यात टाकू नका, बाटली संपेपर्यंत स्टँडला अडकवून ठेवा म्हणावं.

तुझी,
बाई